आधी कोरडं

त्या दुपारी आईनं मला गच्चीवर हाक मारली ती बूट बघायला. फेब्रुवारीचं ऊन होतं, लोणावळ्याजवळ आमच्या कुसगावात या दिवसांत असतं तसं. अंगाला बोचत नाही, पण सावलीत गेलं की लगेच शिरशिरी येते. ज्या जुन्या साडीवर ती एरवी साबुदाण्याच्या पापड्या घालायची, त्याच साडीवर पांढऱ्या बुटांचा एक जोड आडवा पडला होता. तळव्यांच्या कडांना क्रीम लावून वर पारदर्शक फिल्म गुंडाळलेली, आणि क्रीम कातड्याला लागू नये म्हणून कडेच्या वर निळ्या कागदी टेपची बारीक पट्टी. पिवळी पडलेली रबराची कड अशी उन्हात ठेवली की हळूहळू पांढरी होते. पण एकाच अंगाला ऊन जास्त लागलं तर पट्टे उमटतात, म्हणून आई मधून मधून वर येऊन बूट उलटवायची. पापडी उलटवतात तसाच, दोन बोटांनी अलगद उचलून. माझ्या हातात कुणाच्या तरी प्रवासवर्णनाची प्रुफं होती आणि पेन्सिल कानामागे. "बघ गं, टाचेकडे अजून पिवळं दिसतंय का? माझ्या डोळ्यांना आता पांढऱ्यातलं पिवळं कळत नाही," ती म्हणाली. "नाही," मी म्हणाले. "बघून सांग." "बघितलं, आई." तिनं फिल्म सोडवली, ओल्या फडक्यानं कड पुसली, बूट उचलून डोळ्यांसमोर धरला आणि विसापूरच्या कड्याकडे तोंड करून जरा वेळ उभी राहिली, जणू कड्याच्या रंगाशी ताडून बघतेय. मग स्टीलच्या वाडग्यात भिजत घातलेल्या नाड्या काढून तिनं त्या पंच्यात गुंडाळून पिळल्या आणि दोरीवर चिमटे लावून टांगल्या. "आज काही ह्या वाळत नाहीत. उद्या घालू. तळेगावच्या त्या मुलाला कळव, झाले म्हणून." मी हो म्हणाले आणि खाली आले, कारण गॅसवर दूध होतं. रात्री आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. तिला भाकरीचा पापुद्रा नीट सुटलेला आवडायचा आणि माझा सुटायचा नाही, त्यावरून नेहमीचं बोलणं झालं. सकाळी सहाला तिच्या खोलीतला, डासांसाठी लावलेला पंखा अजून चालू होता, आणि ती सहाला कधी झोपलेली नसायची.

सांगायची कामं रुचिरनं केली. माझा भाऊ पुण्याहून दोन तासांत आला आणि फोन घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिला. तेच वाक्य, वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या आवाजांत. मला ते खिडकीतून ऐकू येत होतं. शेजारणी विचारत होत्या, "कशा काय हो, काल तर दिसल्या होत्या," आणि मी मान हलवत होते. मान हलवली की लोक पुढचं स्वतःच बोलतात हे मला त्या दिवशी कळलं. प्रकाशनाच्या कचेरीला मी लिहिलं, घरी अडचण आहे, प्रुफं उशिरा पाठवते. ते खोटं नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या कुणीतरी खाली येऊन विचारलं, दोरीवर दोन पांढऱ्या नाड्या आहेत त्या कुणाच्या, काढू का? मी म्हटलं, राहू द्या. पुढे बरेच दिवस त्या तिथंच होत्या. वाऱ्यानं एकमेकींत गुंतायच्या आणि संध्याकाळी आपोआप सुटायच्या. मग एकदा मी त्या काढल्या, दोन बोटांवर गुंडाळल्या आणि वाटीत ठेवल्या. त्यांना उन्हाचा वास येत होता, साबणाचा नाही.

आई लोणावळ्याच्या शाळेत पी.टी. शिकवायची. शनिवारी सकाळी कवायतीला मुलांचे कॅनव्हासचे बूट पांढरेशुभ्र हवेत हा तिचा हट्ट. ज्यांच्या घरी पॉलिश नसायचं त्यांचे बूट ती स्वतः खडूनं पांढरे करून द्यायची आणि मग त्या मुलांना मैदानात सगळ्यांत पुढं उभं करायची. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ती घरात नुसती हिंडत होती. बाबांची पुस्तकं पुसायची, पुन्हा पुसायची. मग रुचिरनं कॉलेजातले जुने बूट, कडा हळदीसारख्या झालेले, टाकायला म्हणून बाहेर काढले आणि तिनं ते उचलून घेतले. पार्लरमध्ये केसांना लावतात त्या क्रीमनं रबर पांढरं होतं हे तिनं कुठंतरी फोनवर पाहिलं होतं. त्या उन्हाळ्यात कुरडयांच्या शेजारी रुचिरचे बूट वाळत पडले. त्यानं फोटो टाकला. पुढच्या महिन्यात पुण्याहून एक खोकं आलं, मग मुंबईहून. कुठल्या तरी खेळाडूच्या नावाचे, कुठल्या तरी वर्षीचे, पुन्हा कधी न निघणारे बूट; माणसं ते जमवतात, जपतात, आणि ते जपता जपता पिवळे पडतात. लोणावळ्याच्या हवेत तर जपायचं म्हणजे बुरशीशी रोजचं भांडण. बाबांच्या पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात ती ते ठेवायची. पावसाळ्यात आत एक बारका पिवळा दिवा लावलेला, खोक्यांना दाभणानं भोकं पाडलेली. "हवाबंद केलं की आतून भुगा होतो," ती यायच्या-जायच्या प्रत्येकाला सांगायची. "बूट अधूनमधून पायात घालून चार पावलं चालावं. नुसतं ठेवलं की मरतात." बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत आलेली जिला आयुष्यात खपली नाही, तिनं लोकांचे बूट पुस्तकांशेजारी ठेवले, हे पाहून ज्योत्स्नामावशी, तिची धाकटी बहीण, फार चिडायची. आई म्हणायची, "घासलं की भांडं होतं गं ते. तू तुझ्या स्वयंपाकघरात परात घासून आत ठेवतेस ना?"

तिचा फोन मी बंद केला नव्हता. तो रोज रात्री चार्जिंगला लावायचं काम मी कधी अंगावर घेतलं ते आठवत नाही. मार्चच्या शेवटी त्यावर निरोप आला: मावशी, कसे झालेत माझे बूट? सत्यम. तळेगावच्या एमआयडीसीत कामाला असलेला मुलगा, पांढऱ्या जोडाचा मालक. ऐंशीच्या दशकातल्या बास्केटबॉलच्या बुटांसारखेच पुन्हा काढलेले, घोट्याच्या वर येणारे, बाजूला आकाशी पट्टा. त्यानं ते पहिल्या पगारात घेतले आणि भीतीनं कधी घातलेच नाहीत, असं आईनं सांगितलं होतं. हे सांगताना ती हसली होती. मी उत्तर लिहिलं, छान झालेत. पाठवलं. मग बघत बसले. आईच्या नावाखाली, बूट हातात धरलेल्या तिच्या गोल फोटोखाली, ते शब्द गेले होते, आणि तळेगावात कुणाला तरी ते तिनंच लिहिलेले वाटले असणार. जगात एक माणूस असा होता ज्याच्या लेखी ती अजून गच्चीवर बूट उलटवत होती. दोन दिवसांनी पुन्हा: एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मुंबईला चाललोय, वाटेत येऊन नेतो, चालेल ना? चालेल, मी लिहिलं. मग उठून कपाट उघडलं. दिवा बंद होता. खण रिकामा होता.

ज्योत्स्नामावशीला फोन लावला तेव्हा ती पोळ्या करत होती. लाटण्याचा आवाज येत होता. "पांढरे बूट? अगं ते तेराव्याला दिले ना! गुरुजींनी छत्री, पादत्राण सगळं सांगितलेलं, आणि तुझा भाऊ छत्री घेऊन आला, बूट विसरला. ऐन वेळी मी कुठून आणू? कपाटात बघते तर हे कोरे करकरीत. नाड्यासुद्धा ओवलेल्या नाहीत. मला वाटलं याच कामासाठी आणून ठेवलेत." "मावशी, ते गिऱ्हाइकाचे होते." लाटणं थांबलं. "मला काय माहीत! इतके पांढरे बूट जुने असतात का कुठं? ताईनं काम जरा वाईट केलं असतं तर कळलं असतं मला." आणि मग ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "गुरुजी म्हणाले, मी असले घालून कुठं हिंडू, गरजवंताला द्या. मग औंढ्याच्या नथूला दिले. दूध घालतो तो. जेवायला आला होता." मी म्हटलं, मी घेऊन येते. "अनघा!" तिचा आवाज एकदम बदलला. "दिलेलं परत मागायचं नसतं. कशासाठी देतात ते ठाऊक आहे ना तुला? त्या वाटेवर ऊन असतं, काटे असतात. ताईला अनवाणी चालवशील?" मी फोन ठेवला. मी पुष्कळ वाचलंय. त्या वाटेचं वर्णनही वाचलंय, तळटीपांसकट, आणि त्यातलं एक अक्षर मी खरं मानत नाही. तरी त्या संध्याकाळी भांडी घासताना मला दहा नंबरचे बूट घालून चाललेली आई दिसत राहिली. पाच नंबरचा पाय तिचा. प्रत्येक पावलाला टाच सुटतेय, नाड्या नाहीत, आणि ती कुणाला तरी सांगतेय, अहो, हे माझे नव्हेत, तळेगावच्या एका मुलाचे आहेत, खराब होतील.

दुसऱ्या दिवशी निघताना उंबऱ्याबाहेरच्या मांडणीपाशी थांबले. आईचे स्वतःचे बूट तिथंच होते. कॅनव्हासचे, शाळेपासूनचे म्हणावे असे. राखाडी झालेले, बाहेरच्या अंगानं टाचा झिजलेल्या, कारण ती पाय जरा फाकून टाकायची. लोकांचे बूट दुधासारखे करणाऱ्या बाईनं स्वतःचे कधी धुतले नाहीत. तेराव्याला कुणालाही ते द्यायचे सुचलं नाही. ते दिसतच नव्हते कुणाला. मी ते उचलले, पिशवीत घातले आणि स्कूटरच्या डिकीत ठेवले. त्या वेळी माझ्या मनात पक्कं काही नव्हतं. फक्त रिकाम्या हातानं मागायला जायचं नाही, एवढं ठरलं होतं.

औंढ्याला नथूभाऊंचं घर शोधावं लागलं नाही. दारातल्या मोटरसायकलवर, खांबावर, कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा गुलाल होता. ते गोठ्यात शेण भरत होते, आणि पायात ते बूट होते. नाड्यांच्या जागी निळी नायलॉनची दोरी, बैलाच्या कासऱ्याची असते ती, घोट्याभोवती दोन वेढे देऊन बांधलेली. मला बघून त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "या या, ताई. बसा. च्या टाक गं." मग माझी नजर कुठं आहे ते त्यांना दिसलं आणि त्यांनी एक पाय दुसऱ्याच्या मागं लपवायचा प्रयत्न केला. "जत्रंला गेलतो. शर्यतीत आमच्या पुतण्याच्या बैलजोडीचा पयला नंबर आला न्हवं का. मंग काय, गुलाल. लय गुलाल." शालूबाई, त्यांची बायको, दारात आली. "पुतण्याचं बैल पळालं आन् ह्येच नाचलं. बूट घातल्यापासनं जिमिनीवर पाय न्हाई त्येंचा. आटचा पाय, धाचं बूट! फुडं माजं जुनं लुगडं कोंबलंय, ताई. येक येक पाऊल टाकत्यात जसं काय चंद्रावर चाललंत." "तू गप," नथूभाऊ म्हणाले. "बाईंनी दिलंत ती. बाईंच्या नावचं हाय." आणि मला म्हणाले, "लय चांगल्या व्हत्या. माज्या पोरीला शाळंत पळायला त्यांनीच शिकवलं. गेल्या त्या दिशी मी दूध न्हाई घातलं कुनालाच." ते किती सहज म्हणाले. गेल्या. सगळे म्हणत होते तसंच, तोंडात आलेल्या घासासारखं. मी चहाच्या कपाकडे बघत म्हटलं, "भाऊ, हे बूट आईचे नव्हते. दुसऱ्याचे होते, तिच्याकडे दुरुस्तीला आलेले. चुकून दिले गेले."

नथूभाऊंनी आपल्या पायांकडे बघितलं. गोठ्यातली म्हैस मान हलवत होती. "मी मागितलं न्हवतं, ताई," ते म्हणाले. "माहीत आहे." "मला ठिवायचं म्हनूनबी न्हाई. पर परत कसं द्यायचं? बाईंच्या वाटंचं हाय. तुमी न्ह्याल, मंग तितं त्यास्नी काय?" हे त्यांनी फार हळू विचारलं. मी स्कूटरपाशी गेले आणि पिशवी आणली. "हे आईचे. रोज हेच घालायची. तिला चालायला हेच बरे." शालूबाईंनी ते हातात घेतले, उलटे करून टाचा बघितल्या. "ह्या तर लय झिजल्यात." "हो. तिच्याच पायानं." त्या ओट्यावर बसल्या, पदरानं पाय पुसला आणि बूट घातला. मग दुसरा. उठून त्या अंगणात तुळशीपर्यंत गेल्या आणि आल्या. पाय जरा फाकून, कारण झिजलेला तळवा तसंच चालवतो. मी वर बघितलं नाही, फक्त बूट येताना-जाताना बघितले. "अगदी बराबर," त्या म्हणाल्या. "बाईंचा आन् माजा पाय येकच की. घ्या, तुमी काडा ती आता." नथूभाऊ ओट्यावर बसून दोरीची गाठ सोडवायला लागले. "सुटना गं." "सुटंल कशी, बैलाची गाठ मारलीय तुमी." ती शेवटी विळ्यानं कापावी लागली.

घरी आणून मी ते गच्चीवर जुन्या साडीवर ठेवले. आत लुगड्याच्या चिंध्या, तळव्याच्या खाचांत वाळलेलं आणि ओलं शेण, कातड्यावर गुलालाचे पट्टे, आणि रबराची कड पुन्हा पिवळट, जणू आईचा हात तिच्यावरून कधी फिरलाच नव्हता. तिचं शेवटचं काम. दिवसभर मी वेगळंच काहीतरी करत राहिले, प्रुफांत "नदि"ची "नदी" करत बसले. रुचिरनं फोनवर सांगितलं, त्या मुलाला झालं ते सांगून टाक, बूट जसे आहेत तसे दे, समजून घेईल. त्याचं बरोबर होतं. समजून घेईल. सगळेच समजून घेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाण्याचा मग, साबण आणि फडकं घेऊन वर गेले आणि ओलं फडकं गुलालावर टेकवणार, तेवढ्यात हात थांबला. मला आठवलं ते बुटांचं नव्हतंच. शाळेत रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मुलं रंगलेल्या गणवेशात यायची, आणि आई फाटकापाशी उभी राहून एकेकाला पकडायची. "नळाकडे पळू नकोस. झटक आधी. कोरडं आहे तोवर पडतं. पाणी लावलंस की तो रंग तुझा झाला." आधी कोरडं. घरातही तेच. सांडलेल्या पिठाला, चुलीच्या राखेला, भिंतीवरच्या बुरशीला. बाबा गेले तेव्हाही तिनं आधी गाद्या उन्हात घातल्या, कपाटं झाडली, त्यांचे सदरे घडी करून वाटून टाकले, पाहुण्यांना वाढलं, आणि सगळे गेल्यावर एका दुपारी नळाखाली बादली भरत ठेवून तिथंच खाली बसली. बादली भरून वाहत होती तरी मी नळ बंद केला नव्हता. मी पाण्याचा मग बाजूला ठेवला.

शेण पुरतं वाळू दिलं. मग घोड्याच्या केसांच्या ब्रशनं, वारा पाठीशी घेऊन, एकाच दिशेनं. गुलाल हवेत उडाला आणि माझ्या मनगटावर बसला, तो झटकला. शिवणीतला निघेना, तर चिकटपट्टी हलकी टेकवून उचलली, पुन्हा टेकवून उचलली. प्रत्येक वेळी पट्टीवर गुलाबी ठिपके येत आणि दर वेळी जरा फिके. खाचांतली माती काडीनं. हे करताना मला आईचे हात आठवायला हवे होते, पण आठवत होतं तिचं बोलणं, काम करताना ती जे आपल्याशीच पुटपुटायची: हं, ये, ये बाहेर, असा कसा बसलास लपून. मी ते मनातही म्हटलं नाही. पण ब्रश त्याच लयीत चालत होता हे लक्षात आलं. मग कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, गोल गोल, लगेच पुसायचं, पाणी कातड्यात मुरू द्यायचं नाही. आत कोरे कागद कोंबले. वर्तमानपत्र नाही, एकदा आईनं वर्तमानपत्र कोंबलं होतं आणि एका महागड्या बुटाच्या आतल्या अस्तरावर चिक्कीची जाहिरात उलटी उमटली होती. तेव्हापासून ती माझ्या खोलीत यायची, "कोरे आहेत का गं, तुझ्याकडे?" आणि मी मान वर न करता गठ्ठा पुढं सरकवायचे. आता मीच गठ्ठा घेऊन वर गेले.

कडेसाठी क्रीम तिच्याच ट्रेमधलं होतं, ब्रशही. टेप लावताना वाकडा गेला, तो काढून पुन्हा लावला, पुन्हा वाकडा गेला, पुन्हा काढला. फिल्म गुंडाळली आणि उन्हात ठेवले. एप्रिलचं ऊन फेब्रुवारीसारखं नसतं; ते झपाट्यानं काम करतं आणि झपाट्यानं बिघडवतं. मी खाली गेलेच नाही. टाकीच्या सावलीत प्रुफं घेऊन बसले आणि सारखी उठून बूट उलटवत राहिले. पहिल्यांदा हातानं धरून, मग दोन बोटांनी. खालच्या रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. उतरत्या उन्हात फिल्म सोडवली, पुसलं, आणि बूट डोळ्यांसमोर धरला. बघून सांग. मी बघितलं. उजव्या टाचेला, शिवणीच्या खाली, केसासारखी पिवळी रेघ होती. ती त्या दिवशीही होती की नव्हती हे आता कळणार नाही. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जागी क्रीम लावून पुन्हा उन्हात ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशीही. मग सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, संध्याकाळी खोलीत दिव्याखाली बघितलं. ती गेली होती.

राहिले ते डाव्या बुटाच्या, नाड्यांखालच्या जिभेपाशी पाच-सहा टाके. धाग्यानंच रंग प्यायला होता. स्पिरिट लावलेल्या कापसाच्या काडीनं टिपत गेले तसा तो लालसर गुलाबीवरून गाजराच्या हलव्यातल्या दुधासारखा फिका झाला, आणि तिथंच थांबला. आईच्या ट्रेमध्ये पांढऱ्या रंगाची बाटली होती, कातड्याला लावायचा. सर्वांत बारीक ब्रश मी त्यात बुडवला. टाक्यांवरून एकदा फिरवलं असतं तर कुणालाही दिसलं नसतं. ब्रशवरचा रंग वाळत चालला तरी मी बसून होते. मग ब्रश धुतला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावलं. रविवारी सकाळी वाटीतल्या नाड्या आणल्या आणि ओवल्या. त्या त्याच पांढऱ्या होत्या; त्यांच्यावर काही करायची गरज नव्हती, आणि केलंही नाही. आई नाडी बाहेरून आत ओवायची, वरचं शेवटचं भोक मोकळं ठेवायची. "गाठ ज्याची त्यानं मारावी." मी तसंच केलं.

सत्यम दहाच्या सुमारास आला. फाटकापासूनच हाक, "मावशी! ओ मावशी!" एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात जाळीतलं बर्फगार कलिंगड. त्यानं बूट उंबऱ्याबाहेर काढले, मोजे आत खोचले, आणि माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही ताई ना? प्रुफंवाल्या? मावशी सारखं सांगतात, माझी मुलगी एक चूक सोडत नाही. कुठायत त्या? वर? उन्हाळ्यात त्या गच्चीवरच सापडतात." आणि तो जिन्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बस ना. आधी बूट बघ." मी ते खिडकीतल्या उजेडात, पाटावर ठेवले होते. तो खाली मांडी घालून बसला आणि पहिल्यांदा हात लावायलाच धजेना. मग एक उचलला, उलटा केला, टाच नाकाशी नेऊन बघितली. "बापरे. ताई, हे मी दिले तेव्हा पिवळेधमक होते. दुकानातसुद्धा असे नव्हते." त्यानं फोन काढला, फोटो घेतले, एक मित्राला पाठवलाही. "मी ठरवलंय, आता घालायचेच. मावशींनी दम दिलाय मला. म्हणाल्या, ठेवून ठेवून मारशील त्यांना." त्यानं डावा उचलला, नाडीवरून अंगठा फिरवला, आणि तो अंगठा जिभेपाशी थांबला.

"हे काय? गुलाबी?" त्यानं बूट उजेडाकडे फिरवला. रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "मावशींच्या हातून असं राहत नाही कधी. एक टाका सोडत नाहीत त्या. जरा बोलवता का त्यांना? म्हणजे तक्रार नाही हो, नुसतं विचारतो."

कलिंगड दारात होतं, जाळीतून जमिनीवर थेंब पडत होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर गच्चीच्या दाराचं ऊन आलं होतं, रोज या वेळेला येतं तेवढंच. तो त्या उन्हाकडे बघत होता, कुणीतरी पाय वाजवत उतरेल म्हणून. मी त्याच्या समोर खाली बसले आणि त्याच्या हातातला बूट माझ्या हातात घेतला.

"हा डाग जत्रेतल्या गुलालाचा आहे, तो मला काढता आला नाही," मी म्हणाले. "कसा लागला ते सगळं सांगते. नाड्या आईनं धुतल्यात. बाकीचं मी केलंय." आवाज माझाच होता, जरा कोरडा. "आई गेली, सत्यम."